गेलेल्या बटणांचा हिशेब

नव्या आवृत्तीत काय आलं, हे एक्सेल उघडताच एक रंगीत खिडकी सांगून जाते. काय गेलं, ते ज्याचं काम अडतं त्यालाच कळतं. पतसंस्था, छोटे व्यापारी आणि काही गृहनिर्माण सोसायट्या यांना हिशेबाची शीटं तयार करून देणं हा माझा धंदा. त्यामुळे मी पहिल्यापासून या दुसऱ्या यादीकडे जास्त लक्ष ठेवून आहे.

सर्वांत मोठी पडझड २००७ च्या आवृत्तीत झाली. फाइल, एडिट, व्ह्यू हे मेन्यू गेले, टूलबार गेले आणि त्यांच्या जागी रिबन आली. आपापल्या सोयीने मांडलेले टूलबार ‘अ‍ॅड-इन्स’ नावाच्या कोपऱ्यात जाऊन पडले. ओरड झाली ती मुख्यतः याचीच. मला मात्र ते नुकसान दुय्यम वाटतं, कारण त्यातलं बरंचसं गेलेलं नाही, नजरेआड झालं आहे. एडिट मेन्यू राहिला नाही, तरी ऑल्ट, ई, एस या कळा ओळीने दाबल्या की पेस्ट स्पेशलची चौकट आजही उघडते. ऑल्ट, डी, ओ दाबलं की एकेका सभासदाची नोंद भरायचा तो जुना डेटा फॉर्म समोर येतो, आणि ऑल्ट, डी, पी ने पिव्होटचा जुना विझार्ड. माउसने काम करणाऱ्याचं घर बदललं, कळांवर काम करणारा जुन्याच पत्त्यावर राहिला. शिवाय सेटिंगमध्ये रिबनवर न ठेवलेल्या आज्ञांची वेगळी यादी असते. ती एकदा शांतपणे वरपासून खालपर्यंत वाचली, तर हरवली म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी गोष्टी तिथे सापडतात.

खरोखर गेलेल्या गोष्टींचं दुखणं वेगळं. २००७ मध्ये आलेखाच्या खांबांना तिरप्या-आडव्या रेघांची नक्षी देण्याची सोय चौकटीतून काढली गेली. पडद्यावर रंग दिसतात, मग रेघा कशाला, असा विचार असणार. पण पतसंस्थेचा वार्षिक अहवाल एकरंगी छापला जातो आणि सभासदाच्या हाती कधी कधी त्याची झेरॉक्सच येते. ठेवी निळ्या आणि कर्जं हिरवी दाखवली, की कागदावर दोन्ही सारखीच करडी. गंमत अशी की जुन्या फाइलीतली नक्षी दिसत होती आणि मॅक्रोतून नवीही देता येत होती. यंत्र आत शाबूत होतं, फक्त बटण काढलं होतं. २०१० च्या आवृत्तीत ते परत आलं. मधल्या काळात मी खांबांच्या शेजारीच नावं लिहायला लागलो आणि खालची रंगांची सूची काढून टाकली. नक्षी परतल्यावरही ती सवय मोडली नाही, कारण वाचणाऱ्याला ते जास्त सोपं पडतं. कपातीतून झालेला असा फायदा विरळा. त्यावरून प्रत्येक कपातीचं समर्थन करणारे लोक भेटतात, त्यांच्याशी माझं जमत नाही.

काही बदल मात्र न्याय्य होते. स्तंभाच्या मथळ्यातला शब्द थेट सूत्रात लिहिता येण्याची सोय २००७ मध्येच बंद झाली. ती सोय कमी आणि जुगार जास्त होता: मथळा दोन ठिकाणी असला तर कोणता धरला जाईल याचा भरवसा नसे. बदल्यात रीतसर टेबल मिळालं, सौदा चांगला झाला. मॅक्रोमधली ‘फाइलसर्च’ ही वस्तू मात्र काहीच न देता गेली. शाखांच्या फाइली फोल्डरमधून वेचून तेरीज जमवणारे मॅक्रो त्या ओळीवर येऊन अडत. उपाय निघाला तो तिच्याहून जुन्या ‘डिर’ या आज्ञेत. ‘डिर’ पोटफोल्डरात आपण होऊन शिरत नाही, ते काम हाताने लिहावं लागतं. पण ती अजून चालते.

अडणारा मॅक्रो निदान सांगतो तरी की मी अडलो. मला खरी धास्ती वाटते ती न अडता चुकणाऱ्या फाइलीची, आणि तिचं कारण काढून घेण्यात नव्हतं, देण्यात होतं. जुन्या एक्सेलमध्ये २५६ स्तंभ होते, शेवटचा आयव्ही. २००७ मध्ये ते १६,३८४ झाले, शेवटचा एक्सएफडी. सगळे खूश. पण तीन अक्षरी स्तंभ आले, त्या क्षणी तीन रोमन अक्षरं आणि पुढे आकडा अशी असंख्य नावं आपल्या हातून गेली. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट लागू झाला. साहजिकच लोकांनी दराच्या सेलला ‘व्हॅट२००५’ असं रोमन लिपीत नाव दिलं. जुन्या आवृत्तीत ते निव्वळ नाव होतं. नव्या आवृत्तीत तो एका सेलचा पत्ता झाला: स्तंभ व्हीएटी, ओळ २००५. फाइल नव्या स्वरूपात नेताना एक्सेल अशा नावापुढे अधोरेषा जोडतं आणि शीटमधली सूत्रंही दुरुस्त करतं, इथवर ठीक. पण मॅक्रोत अवतरणचिन्हांत लिहिलेलं नाव कोणी दुरुस्त करत नाही, आणि ‘इनडायरेक्ट’ फंक्शनला मजकूर म्हणून दिलेलंही नाही. मॅक्रो इमानदारीने त्या दूरच्या ओसाड सेलपाशी जातो, तो रिकामा बघतो आणि कराचा दर शून्य धरून पुढे चालू लागतो. एरर नाही, लाल खूण नाही, बेरीजही जुळते. एका व्यापाऱ्याची जुनी फाइल तपासायला आली तेव्हा हे बघितलं, आणि तेव्हापासून कोणतीही फाइल नव्या आवृत्तीत नेली की मी आधी नावांची यादी उघडतो. ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. ‘जीएसटी२०१७’ हे नावही रोमन लिपीत द्यायला गेलात तर एक्सेल आजही नाकारतं, त्याच कारणाने.

मग टिकतं काय? एका सेलमध्ये ६० लिहा आणि त्याला तारखेचं रूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० अशी तारीख दिसेल. असा दिवस कधी उगवलाच नव्हता, १९०० हे लीप वर्ष नव्हतं. ही चूक १९८३ च्या लोटस १-२-३ मधली. तिथल्या फाइली बिनबोभाट उघडाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून घेतली आणि आजतागायत सांभाळली. ठेवीचे पूर्ण महिने मोजायला आम्ही वापरतो ते ‘डेटडिफ’ही लोटसच्याच सोयीसाठी राहिलेलं. टाइप करताना ते सुचवलं जात नाही, पण लिहिलं तर चालतं. म्हणजे उपयोगी नक्षी जाते आणि नसलेली तारीख राहते. वस्तू चांगली की वाईट यावर तिचं आयुष्य ठरत नाही, तिच्यावर किती फाइली टेकल्या आहेत यावर ठरतं.

म्हणून मी शीट उभं करताना सगळं जग ज्यावर टेकलं आहे त्यावरच टेकतो: साधी बेरीज, इफ, व्हीलुकअप, ठळक मथळे. नवी चमकदार सोय आधी माझ्या स्वतःच्या घरखर्चात वापरून बघतो, गिऱ्हाइकाच्या ताळेबंदात नंतर. बदली म्हणून जे दिलं जातं, तेही तपासून घ्यावं लागतं. जुनं ‘शेअर वर्कबुक’ मागे सारून त्याजागी एकाच वेळी अनेकांनी लिहायची सोय आली, पण तिच्यासाठी फाइल क्लाउडवर हवी. तालुक्याच्या गावात नेट दुपारी गेलं की संध्याकाळी येतं, तिथे ही बदली कागदावरच राहते. तिथे मी जुनी आज्ञा रिबनवर नसलेल्या आज्ञांच्या त्या यादीतून शोधून वर आणून ठेवतो.

हिशेबाचं काम करणाऱ्यांना एकच विनंती. मार्चच्या उत्तरार्धात अपडेटची खिडकी आली तर ‘नंतर’ म्हणा. ताळेबंदावर सह्या झाल्या की एका मशीनवर ते घ्या, गेल्या वर्षीच्या फाइली त्यावर उघडा आणि प्रत्येक आकडा सही झालेल्या कागदाशी ताडून बघा. तोवर दुसऱ्या मशीनला हात लावू नका.