मनी विमानाने गेली



मांजर विमानाने पाठवलं म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, एवढा खटाटोप कशाला? सांगलीहून मनीला बंगळूरला पोचवताना मी दोन्ही ऐकलं. पण त्याहून अवघड प्रश्न आपल्या धर्माचा होता. तो तुमच्याही घरी येऊ शकतो, म्हणून लिहिते.

मनी आमच्या माळ्यावर जन्मली. तिची आई परत आलीच नाही. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीने तिला ड्रॉपरने पाजून वाढवलं. मग मुलीची बदली झाली. "काकू, तुम्हीच ठेवून घ्या ना हिला," ती म्हणाली. पिल्लू गोड होतं, नातवंडांचा हट्टही होता. तरी मी नाही म्हटलं.

'स्वामिकार्तिकेयानुप्रेक्षे'त मांजरासारखे हिंस्र प्राणी पाळणं हे अनर्थदंडात मोजलं आहे. आपण स्वाध्यायात हे वाचतो आणि काहीजणी त्यावरून मांजराला हाकलतात. मला त्याचा अर्थ वेगळा वाटतो. नियम श्रावकाला आहे, मांजराला नाही. मांजर पापी आहे असं त्यात कुठे आहे? ज्याचं पोट हिंसेशिवाय भरत नाही त्याला हौसेखातर बांधून घेऊ नका, एवढंच सांगणं आहे.

"मग दूध-भातावर वाढवा की, शाकाहारी होईल," असं शेजारणीने सुचवलं. मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी समजावलं, मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं आणि ते त्याला स्वतः पुरेसं बनवता येत नाही. ते मांसातून मिळतं. कमी पडलं तर दृष्टी जाते, हृदय कमजोर होतं. गाजरातून आपल्याला 'अ' जीवनसत्त्व मिळतं, मांजराला तसंही मिळत नाही. गाईच्या दुधाने तर पुष्कळ मांजरांना जुलाब होतात. म्हणजे दूध-भातावर ठेवून आपण तिला हळूहळू आंधळं करणार आणि त्याला अहिंसा म्हणणार! आपलं व्रत आपण घेतलेलं असतं. मुक्या जीवावर ते लादता येत नाही.

आम्हाला पुण्याला मुलाकडे जायचंच होतं, म्हणून मुलीला आणि मनीला गाडीतून बरोबर घेतलं. वाटेत साताऱ्याला नणंदेकडे थांबलो. वन्सं कडक. "वहिनी, मांस घालणाऱ्या घरी पोचवायचं म्हणजे अनुमोदनाच झाली. कृत, कारित, अनुमोदना, तिन्ही सारखीच." मी म्हटलं, "वन्सं, तिच्या ताटाला मी हातभार लावत नाही. तिला जिने जगवलं, तिच्यापासून तोडत नाही, एवढंच." त्यांना पटलं असं नाही. सामायिकाला बसले की हा प्रश्न अजून माझ्या शेजारी येऊन बसतो. पण पिल्लाला बाजारात सोडून आले असते तर शांत बसता आलं असतं का?

आता प्रवासाचं. रेल्वेत पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घेतला नाही, तर मांजराला रात्रभर गार्डच्या डब्यात जावं लागतं. विमान पुण्याहून दीड-दोन तासांचं. एअर इंडिया मांजराला केबिनमध्ये नेऊ देते, आकासाही 2022 च्या नोव्हेंबरपासून नेते. सगळ्याच कंपन्या नेत नाहीत, म्हणून तिकीट काढण्याआधी फोन करून विचारायचं. पिशवीसकट वजनाची मर्यादा असते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी देतात, तोवर थांबायचं. डॉक्टरांचा आरोग्य दाखला लागतो. प्राण्यांच्या वाहतुकीचे 1978 चे नियम आहेत, त्यात कुत्र्या-मांजरांचा वेगळा भाग आहे. झोपेचं औषध देऊ नये, श्वासाला धोका असतो. निघण्याआधी पोटभर खायला घालू नये. तपासणीच्या वेळी पिशवी यंत्रातून जाते आणि मांजर हातात घ्यावं लागतं, म्हणून अंगाला पट्टा हवाच. पिशवी आठवडाभर आधी घरात उघडी ठेवली होती. मनी आपणहून तिच्यात झोपू लागली, त्यामुळे रडारड झाली नाही.

2025 च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्याची एक वाघीण आपल्या चांदोलीच्या जंगलात आणून सोडली. तिला दूध-भात द्या, असं कोणी म्हणालं नाही! नव्या घरी तिचं पोट भरेल का, हेच पाहायचं असतं. वाघिणीच्या बाबतीत जे सहज कळतं, ते मनीच्या बाबतीत कळायला का जड जावं?

माळ्यावर पिल्लं सापडली तर घाईने उचलू नका, बहुतेक वेळा आई जवळपास असते. नाहीच आली तर पोतं बांधून लांब सोडू नका. जिथे त्या जिवाला त्याच्या स्वभावाने जगता येईल, असं घर शोधा. परस्परोपग्रह म्हणतो ना आपण, तो असा करायचा. पुण्याला विमानतळावर मुलीने पिशवी उचलली, तेव्हा जाळीतून मनीचा पंजा बाहेर आला होता. मी बोटाने हळूच आत सारला आणि णमोकार म्हटला.