एका रात्रीत

मराठीत एखाद्या लेखकांच्या पिढीला मोडीत काढायचे असले की 'कुत्र्याच्या छत्र्या' हा वाक्प्रचार हाताशी असतोच. नवे कवी, नवी नियतकालिके, अलीकडे जालावर लिहिणारी मंडळी, सारे पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवतात, असे आपण सहज म्हणून जातो. अर्थ असा की, रात्रीत आले, उन्हाबरोबर गेले. कोल्हापुरात घरामागच्या खोलीत तीन वर्षे धिंगरी अळंबी वाढवल्यानंतर मला हा वाक्प्रचार खटकू लागला आहे.

कृती तशी साधी. भाताच्या पेंढ्याचे दोन-तीन इंचांचे तुकडे रात्रभर भिजवायचे, सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवायचे आणि निथळून गार करायचे. मग प्लास्टिकच्या पिशवीत पेंढ्याचा एक थर आणि त्यावर स्पॉन, म्हणजे धान्याच्या दाण्यांवर वाढवलेले बियाणे, असे थर देत जायचे. बियाणे ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के पुरते. उसाचे पाचटही चालते. आमच्याकडे ते अनेकदा शेतातच पेटवून दिले जाते. तोंड बांधलेली पिशवी दाभणाने टोचून अंधाऱ्या जागी ठेवली की पंधरा-वीस दिवस माणसाला काही काम उरत नाही. बियाणे आणून देणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीने बजावले होते, "सर, पिशवी उघडायची नाही हं. बाहेरूनच बघायचं."

बाहेरून दिसते ते एवढेच, की पिवळा पेंढा हळूहळू पांढरा होत जातो. हे कवकजाल. खरा जीव हाच. तो धाग्याधाग्याने पेंढा पचवीत असतो. आपण जिला अळंबी म्हणतो ते केवळ त्याचे फळ.

पोसणारा पेंढा भरपूर असला, तरी बंद अंधारात फळ नीट धरत नाही. पिशवी पूर्ण पांढरी झाली की प्लास्टिक कापून काढायचे, मंद उजेड आणि खेळती हवा द्यायची, पाणी फवारून खोलीतली आर्द्रता ८० ते ९० टक्के राखायची. बदललेल्या परिस्थितीला दिलेले उत्तर म्हणून चार-पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसतात आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत त्यांच्या छत्र्या होतात. हवा कोंडली, तर देठ लांबत जातात आणि छत्री खुरटी राहते. वाढवणाऱ्याच्या हाती असते ते एवढेच. ओढून काही बाहेर येत नाही.

सगळ्याच पिशव्या फळतात असेही नाही. काहींवर हिरवी बुरशी चढते आणि त्या दूर नेऊन टाकाव्या लागतात. शिवाय सगळीच अळंबी माणसाच्या कह्यात येत नाही. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी रानअळंबी ही वाळवीने जमिनीखाली जोपासलेल्या बुरशीचे फळ असते. वाळवी ही शेती लक्षावधी वर्षे करीत आली आहे. माणसाला ती अजून साधलेली नाही.

हे सांगण्याचे कारण वर्गातले आहे. शेवटच्या बाकावर दोन वर्षे न बोलता बसलेल्या एका मुलाने तिसऱ्या वर्षी एकदम चाळीस कवितांची वही पुढे ठेवली. शिक्षकांच्या खोलीत वही फिरली आणि कोणीतरी तोच वाक्प्रचार उच्चारला. मी त्या मुलाला एवढेच विचारले, की इतके दिवस काय वाचत होतास? गावच्या वाचनालयातली कवितेची दोन कपाटे त्याने संपवली होती. सगळे कळले नव्हते, पण संपवले होते.

त्या कविता टिकतील की नाही, हे मला ठाऊक नाही. काही कच्च्या आहेत. पण त्या रात्रीत उगवल्या, हे म्हणणे चूक आहे. वाक्प्रचार घडवणाऱ्याने सकाळी अंगणात जे दिसले ते प्रामाणिकपणे नोंदवले. शिकवणाऱ्याने आणि समीक्षकाने मात्र अंगणाखालचेही पाहावे, ही अपेक्षा गैर नाही. न बोलणाऱ्या मुलाला वर्गात सारखे उभे करून 'लिहिलेस का?' विचारणे म्हणजे पिशवी उघडून पाहणेच. त्याला पेंढा मिळतो आहे ना आणि वेळ आली की खिडकी उघडली जाईल ना, एवढे आपण पाहावे.