एक डाव तरी

नाटक संपलं तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावची मंडई. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत कनात उभारलेली आणि डिसेंबरचं दव ताडपत्रीवरून टपटपत होतं. माझ्या नाटकातल्या शेतकऱ्यानं शेवटच्या प्रवेशात जीव दिला होता. कनातीतली सगळी माणसं रडली होती, नाटक घेणाऱ्या मंडळाचे लोक माझी पाठ थोपटत होते, पुढच्या वर्षीही तुमचंच नाटक लावू म्हणत होते.

मी विंगेमागं उभा होतो. बायका चादरी झटकत, झोपलेली लेकरं खांद्यावर घेत निघाल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी सुनेला म्हणाली, "रडू तं आलं बाई. पन एक डाव तरी त्यानं भावाच्या दारात जायले पायजे होतं."

सून म्हणाली, "भाऊ होताच कोठी नाटकात?"

खरंच नव्हता. माझ्या नायकाला मी भाऊ दिलाच नव्हता. सावकार दिला होता, दुष्काळ दिला होता, आजारी मुलगी दिली होती, आणि या तिघांनी मिळून त्याला मारलं होतं. त्या म्हातारीला मात्र तेवढ्यावर समाधान नव्हतं. जे दार उघडं होतं आणि तो ज्या दारात गेला नाही, असं एक दार तिनं आपल्या मनानंच माझ्या नाटकात बसवलं होतं. शोकांतिका लिहायची म्हणजे काय करायचं, याची माझी खरी शिकवणी त्या पहाटे सुरू झाली.

आमची झाडीपट्टी म्हणजे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतला धानाचा, तलावांचा, जंगलाचा मुलूख. इथं दिवाळीच्या भाऊबीजेपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, किंवा मंडई, म्हणजे गावची जत्रा; रात्री नाटक. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पट थांबले, २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाले. मधल्या वर्षांत गावं नाटकाच्याच आधारानं जमत राहिली. कंपन्यांचं मुख्य ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. आमच्या अर्जुनीहून गोंदिया-बल्लारशा गाडीत बसलं की थोड्याच वेळात वडसा येतं, आणि स्टेशनाबाहेर पडल्यापासून नाटकांचे फलक दिसू लागतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे घरातल्या माणसाचा मान झाल्यासारखा आनंद झाला होता.

हे सांगतो ते प्रेक्षक कळावा म्हणून. भाऊबीजेला माहेरी आलेली लेक मंडईपर्यंत थांबते. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. दोन-तीन वर्षं एकमेकांशी न बोललेले चुलतभाऊ एकाच कनातीत, चार हात अंतरावर बसलेले असतात. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत ही माणसं हलत नाहीत. त्यांना रडायचं असतं. 'रडवणारं नाटक' ही आमच्याकडे तक्रार नाही, मागणी आहे. आणि रडवणं सोपं आहे. आजारी मूल, विधवा आई, ऑर्गनचा एक लांब सूर, एवढ्यात काम भागतं. माझं भागत होतं.

पण रडू आणि शोक यांत अंतर आहे. वीज पडून माणूस मेला तर गाव रडतं. त्याला दुर्दैव म्हणतात. शोकांतिकेत मात्र ती वीज माणसानं स्वतःच्या हातानं, चांगल्या हेतूनं, घरात आणलेली असते. सावकार उभा केला की प्रेक्षकाचा सगळा संताप त्याच्याकडे जातो आणि नायक नुसता मार खाणारा उरतो. आमच्या भागात सावकारी नाही असं नाही. तिची दुःखं मी जवळून पाहिली आहेत. पण रंगमंचावर तो पिळदार मिशांचा माणूस आला की प्रेक्षक घरी जाताना निर्धास्त असतो, कारण वाईट कुणी केलं हे त्याला कळलेलं असतं आणि तो स्वतः तसा नसतो.

ॲरिस्टॉटल मी उशिरा, मराठीतून वाचला. सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा तो माणूस आमच्या मंडईत बसून गेल्यासारखा बोलतो. नायक देवमाणूस नको, दुष्टही नको. आपल्यासारखा, थोडा आपल्याहून मोठा हवा, आणि तो पडावा तो एखाद्या चुकीपायी. शिवाय वैऱ्यानं वैऱ्याला मारलं तर त्यात शोक नाही. घात जिव्हाळ्याच्या नात्यात झाला, भावाचा भावाकडून झाला, म्हणजे काळीज हलतं. म्हातारीनं पोथी न वाचता नेमका भाऊच मागितला होता! त्याचे दोन मोठे शब्द मी माझ्यापुरते आपल्या भाषेत करून घेतले: फासा उलटणं आणि उमगणं. जे भल्यासाठी केलं त्यानंच वाटोळं झालं, हा फासा. आणि ते कळतं, पण कळून उपयोग नसतो तेव्हा कळतं, हे उमगणं. दोन्ही एकाच क्षणी घडावीत, असं तो म्हणतो आणि दाखला देतो ईडिपसचा. पु. ल. देशपांड्यांनी ज्याला मराठीत 'राजा ओयदिपौस' म्हणून आणलं तोच. नगरावरची पीडा टळावी म्हणून राजा पापी माणसाचा शोध घेतो आणि तो शोध त्याच्याच उंबऱ्याशी येऊन थांबतो. शोध थांबवला असता तर वाचला असता. पण चांगला राजा शोध थांबवत नाही.

'चूक' या शब्दानं मला बरीच वर्षं फसवलं. मी चूक म्हणजे दोष समजायचो आणि नायकाला दारू, जुगार, बाहेरख्यालीपणा असं काहीतरी चिकटवायचो. मग 'एकच प्याला' पुन्हा वाचलं, या वेळी पोट भरण्यासाठी नाटकं लिहिणाऱ्याच्या डोळ्यांनी. तेव्हा दिसलं की सुधाकराची चूक दारू नाहीच. गरिबीतून स्वतःच्या बळावर वर आलेला, बुद्धीचा, मानी वकील. त्या मानीपणानंच तो मोठा झाला, आणि त्याच मानीपणाला कोर्टात ठेच लागली तेव्हा ती त्याला सोसवली नाही. तळीरामानं पुढं केलेला पहिला पेला तो अपमान विसरण्यासाठी घेतो. ज्या शिडीनं चढला तिचीच पायरी तुटली. गडकरी या नाटकाचा पहिला प्रयोग पाहायला राहिले नाहीत. २३ जानेवारी १९१९ ला आमच्या विदर्भातच, सावनेरला, ते गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीनं ते बडोद्याला रंगमंचावर आणलं. लोक कुठं गप्प झाले, कुठं हुंदका आला, हे लिहिणाऱ्याला कळलंच नाही. नाटक लिहिणाऱ्या कुणालाही हे आठवून गलबलून येईल.

'नटसम्राट'मध्येही तेच. गणपतराव बेलवलकर आरंभालाच आपलं सगळं मुलांना वाटून टाकतात. ती उधळण म्हणजे दोष नव्हे, दिलदारी आहे. नटाचा हात आहे तो, राखून ठेवणं त्याला जमत नाही. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी बसवलेलं ते नाटक १९७० च्या डिसेंबरात आलं. मी त्याची चोपडी इतक्यांदा चाळली आहे की पहिल्या प्रवेशाची पानं सुटी झाली आहेत. सगळं नाटक त्या पहिल्या प्रवेशातच घडून जातं. पुढं उरतं ते फेडणं.

तर मी नाटक नव्यानं लिहायला घेतलं. सावकार काढून टाकला. कंपनीच्या मालकाला हे पटेना, खलनायकाचं काम करणारा नट चांगला होता. मी भाऊ आणला, धाकटा. बापानं मरताना थोरल्याला सांगितलं आहे, बांधीचे तुकडे होऊ देऊ नको. थोरला हा शब्द जिवापाड जपतो. धाकट्याच्या शिक्षणासाठी कर्ज काढतो आणि त्याला ते कळू देत नाही, कारण कळलं तर तो शिक्षण सोडून घरी येईल. हाच त्याचा मोठेपणा. हीच त्याची चूक. एका वर्षी पाऊस लांबतो, बोडीत पाणी नाही, परे वाळतात, रोवणी होत नाही. हप्ता तुंबतो. थोरला पटाची बैलजोडी विकतो, तेही न सांगता. धाकटा सुट्टीत येतो तो रिकामा गोठा पाहतो. गावातलं कुणीतरी कानात सांगतं की भाऊ तुझ्या वाट्याचं विकून खातो. आणि धाकटा वाटणी मागतो. बापाचा शब्द राखण्यासाठी जे जे केलं त्यातूनच वाटणी दारात आली.

यात एक प्रवेश माझ्या मनासारखा उतरला. थोरला बाजारातून परततो. बैल दिले, पण कासरा देत नाहीत, तो मालक परत आणतो. रिकामा कासरा हातात घेऊन तो अंगणात उभा राहतो. मी आधी तिथं दीड पानाचं स्वगत लिहिलं होतं. तालमीत नटानं ते जीव ओतून म्हटलं, रडला, आणि आम्ही पाहणारे कोरडे राहिलो. आमच्याकडे तालमीला दोन-तीन दिवस मिळतात, विचार करायला उसंत नसते. तरी मी स्वगत काढलं. म्हटलं, बोलू नको, कासरा गुंडाळ, खुंटीला अडकव, आणि बायकोला विचार, भात आहे का. नटानं रडून टाकलं की प्रेक्षकाच्या वाट्याला काही उरत नाही. त्यानं गिळलं तर ते समोरच्यांच्या गळ्यात येतं.

विनोदी पात्राशिवाय झाडीपट्टीत नाटक उभं राहत नाही. शहरातले मित्र म्हणतात, यानं शोकाचा रस फाटतो. मला तसं वाटत नाही. गडकऱ्यांनी तळीरामाचं आर्यमदिरामंडळ उभं केलं, लोक पोट धरून हसले, आणि ज्या पेल्यावर हसले त्याच पेल्यानं सुधाकराच्या बायकोचं, सिंधूचं घर बुडालं. हसणं आणि रडणं एकाच वस्तूवर हवं, एवढीच अट आहे. माझ्या नाटकात गडी त्याच बैलजोडीच्या बढाया मारतो, शेपटी पिरगाळण्याची नक्कल करतो, कनात दणाणते. पुढच्याच प्रवेशात कासरा येतो. गाण्यांचंही तसंच. ॲरिस्टॉटलनं शोकांतिकेच्या सहा अंगांत गाणं मोजलं आहे, मग आम्ही कमीपणा का मानावा? फक्त गाणं दुःख सांगायला नको. ते घटना घडण्याच्या आधी, घर भरलेलं असताना हवं, म्हणजे पुढं त्याची नुसती चाल वाजली तरी पुरते.

आपल्या जुन्या नाट्यशास्त्रात करुण रस आहे, त्याचा स्थायीभाव शोक आहे, पण नाटकाचा शेवट दुःखात करण्याची रीत नाही. भासाच्या 'ऊरुभंगा'त मांडी मोडलेला दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो, तो अपवाद. तरी शोकाचं बीज आपल्याकडे फार जुनं आहे. वाल्मीकींनी पाहिलेली, जिच्यातलं एक पाखरू मारलं गेलं ती क्रौंचांची जोडी म्हणजे सारसच, असं काही अभ्यासक मानतात. आणि महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः आमच्या गोंदियातच, धानाच्या बांध्यांत. नाटक अडलं की मी सकाळी बांधावर जातो. जोडी दिसली तर एक मान खाली घालून टिपतो, दुसरा मान वर करून राखण करतो. त्यातला एक नसला तर काय, हे मनात येतं आणि मी परत फिरतो. रामायणासारखं काव्य त्या एका पाखराच्या आकांतातून सुरू झालं, ही गोष्ट मला लहानपणापासून खरीच वाटत आली आहे.

शेवटावरून मंडळाशी वाद झाला. त्यांना मरण हवं होतं. तिकीट काढून आलेल्या माणसाला शेवटी प्रेत दिसलं पाहिजे, असं एकानं सरळ सांगितलं. मी थोरल्याला मारलं नाही. वाटणीच्या दिवशी अंगणात भिंत चढते आहे. भांडी मोजली जातात. धाकट्याच्या वाट्याला बापाची लोखंडी पेटी येते, तो ती उघडतो, आणि आत त्याच्याच नावानं भरलेल्या फीच्या पावत्या, कर्जाचे कागद, बैल विकल्याची चिठ्ठी. तो भिंतीकडे वळतो. भिंत छातीएवढी झाली आहे. पलीकडे थोरला पाठमोरा उभा आहे, त्याला हाक मारायची तर आवाज फुटत नाही. गवंडी विचारतो, "पुढचा थर लावू का जी?" पडदा.

पहिल्या प्रयोगाला पडदा पडल्यावर कनातीत आवाज झाला नाही. मला वाटलं, नाटक पडलं. मग कुठंतरी एक बाई नाक ओढू लागली. माणसं उठेनात. बराच वेळ कुणी चादरी झटकल्या नाहीत.

आम्ही पडदे गुंडाळत होतो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ विंगेत आले. डोक्याला मफलर, हातात काठी. नटांकडे त्यांनी पाहिलंच नाही, लिहिणारा कोण म्हणून विचारत ते माझ्यापर्यंत आले. थोडा वेळ नुसते उभे राहिले.

"ते भिंत पुढं पाडली काय जी त्याइनं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "काका, नाटक तेवढंच आहे."

त्यांनी मान हलवली. काठी टेकत बाहेर गेले. कनातीच्या तोंडाशी त्यांच्याच वयाचे आणखी एक जण बिडी ओढत थांबले होते. काका त्यांच्यापासून चार हातांवर थांबले, तिथं थोडं रेंगाळले, आणि मग दोघं, काही न बोलता, एकाच बांधावरून पुढं-मागं गावाकडे चालू लागले.