ढील

चाळिशी उलटली की माणसाच्या नाकावर चष्मा येतो, हे रीतीला धरूनच आहे. माझ्या बाबतीत चष्म्यापाठोपाठ हातात दोरही आला. गळ्यात नव्हे, हातात. गैरसमज नको.

त्याचं असं झालं. आमच्या चिरंजीवांना पंधरावं लागलं आणि त्यांनी घरात बोलणं बंद केलं. 'हो', 'नाही' आणि 'बघू' या तीन शब्दांत ते सगळा व्यवहार उरकतात. दहावीचं वर्ष म्हणून मी मोबाइलची, क्लासची, झोपेची वेळ बांधून दिलेली. चिरंजीव मात्र दर रविवारी पुण्यातल्या एका हॉलमध्ये चढाईच्या भिंतीला पालीसारखे चिकटतात. त्यांना स्कूटरवरून सोडायचं आणि बाकावर पेपर वाचत बसायचं, एवढंच माझं काम. एका रविवारी तिथली शिकवणारी मुलगी म्हणाली, "काका, नुसतं बसण्यापेक्षा दोर धरायला शिका ना!"

घरी ही बातमी सांगितली तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, या वयात हे काय माकडचाळे?"

"माकडचाळे कसले? २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला."

"तिथे बँकेतले क्लार्क होते का?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी चार महिने शिकलो, परीक्षा दिली आणि बाईंचा मदतनीस झालो.

सिंहगडाच्या १६७० च्या लढाईत घोरपडीने दोर वर नेला, ही आख्यायिका आपण शाळेपासून ऐकतो. म्हणजे दोर आधी वर आणि माणूस मागून. दोर आधीच वर असला की हल्लीची मुलं त्याला 'टॉप रोप' म्हणतात आणि बाळबोध समजतात. त्यांना लीड हवं. लीडमध्ये घोरपड नाही. दोर आपल्या कमरेला बांधून खालून वर न्यायचा आणि भिंतीवर लटकणाऱ्या क्विकड्रॉच्या कड्यांत एकेक करून अडकवत जायचं. खाली एक जण दोर सांभाळतो, तो बिलेअर. शिकाऊ बिलेअरच्या मागे दोराची शेपटी धरून मी उभा. त्याची चूक झालीच, तर सावरायला.

हे काम मला नवं नव्हतं. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासायची असते. इथेही चढण्याआधी एकमेकांच्या कमरेचा पट्टा आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गाठ तपासायची. मुलांना त्याचा भारी कंटाळा. एक मुलगी म्हणाली, "काका, मघाशीच तर बघितली!"

"बाई गं, नोटांचं बंडल हातात आलं की दर वेळी मोजायचं असतं." तेव्हापासून ती माझीच गाठ दोनदा तपासते.

पडण्याचा हिशेब मात्र मीच शिकवतो. "शेवटच्या कडीच्या एक मीटर वर गेलास आणि हात सुटला, तर किती पडशील?"

"एक मीटर."

"चूक. एक मीटर कडीपर्यंत, एक मीटर कडीखाली. हे झालं मुद्दल. वर सोडलेली ढील, ते व्याज. शिवाय दोर ताणतो, ते सेवाशुल्क."

मुलांना लगेच कळलं. कॉमर्स शाखेचा तेवढाच विजय.

पुढे मला मुख्य दोरावर बढती मिळाली आणि माझी लायकी उघडी पडली. बिलेअरने खालचा हात दोरावरून कधीही काढायचा नाही. हे मला चटकन जमलं. पण वरचा गडी कडीत दोर अडकवायला लागला की ढील द्यायची असते. ती माझ्या हातून सुटेना. बावीस वर्षं मी हात आखडता धरण्याचाच पगार घेतोय! वर एखादं पोर एका हाताने लोंबकळत ओरडायचं, "काका, स्लॅक!" दोर आखडला की पोर ओढलं जातं. फार सोडला की जास्त पडतं. दोन्हीकडून काकाच गुन्हेगार.

मग एका रविवारी पडण्याचा सराव होता. मुद्दाम हात सोडायचे, म्हणजे भीती जाते. चिरंजीवांची पाळी आली. बाईंनी विचारलं, "तुझा दोर कोण धरणार?"

"बाबा धरेल."

मी मागे वळून पाहिलं. दुसरा कोणी बाबा नव्हता.

बाईंनी मला बाजूला घेतलं. "काका, तुम्ही ब्याऐंशी किलो, तो सेहेचाळीस. खांबासारखे उभे राहिलात तर त्याला हिसका बसेल आणि तो भिंतीवर आपटेल. दोर ताणला की छोटी उडी मारा." या वेळी शेपटी बाईंनी धरली.

तो चढत गेला. सहावी कडी मागे पडली. माझे तळवे घामाने भिजले. वरून आवाज आला, "बाबा, घट्ट धरू नकोस हं!"

आणि त्याने हात सोडले.

त्या क्षणी माझं सगळं अंग सांगत होतं, आवळ. तरी मी उडी मारली. जेमतेम सहा इंच, पण क्लार्कच्या मानाने बरीच. पोरगं अलगद थांबलं, झोका घेतला आणि खाली बघून हसलं. किती महिन्यांनी! "बाबा, अजून एकदा पडू?"

मी म्हटलं, "हो." माझ्याकडेही त्या वेळी एवढाच शब्द होता.

रात्री जेवताना सौ.ने विचारलं, "काय केलंत आज?" चिरंजीव म्हणाले, "आज बाबाने उडी मारली," आणि पुढे पाच मिनिटं बोलत राहिले. आमटी गार झाली, पण कोणी हूं की चूं केलं नाही.

सोमवारी तो म्हणाला, "संध्याकाळी जरा उशीर होईल." एरवी मी तीन प्रश्न विचारले असते : कुठे, कोणाबरोबर आणि किती वाजेपर्यंत? त्या दिवशी दोनच विचारले. ढील काही एकदम सोडायची नसते, हातहातभर द्यायची असते.

आणि खालचा हात दोरावरून काढायचा नसतो.