नव्याची नवलाई सहाच दिवस

एप्रिल २०२२ मध्ये आमच्या बीड जिल्ह्यात, परळी वैजनाथला, एक वरात निघाली होती. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी तिची बातमी वाचली असेल. तिथल्या एका गृहस्थांनी ‘ओला’ कंपनीची विजेवर चालणारी नवी कोरी स्कूटर घेतली आणि ती सहाच दिवसांत बंद पडली. तक्रार केली, मेकॅनिक येऊन पाहून गेला, पण गाडी काही हलेना. मग त्यांनी ती सरळ गाढवाला बांधली, कंपनीवर विश्वास ठेवू नका असे फलक लावले आणि गावातून फिरवली. आपल्याकडे गाढवावरून धिंड काढायची ती गुन्हेगाराची. इथं धिंड निघाली गाडीची, आणि त्या सगळ्या लवाजम्यात चालत होतं ते एकटं गाढवच!

आम्ही अंबाजोगाईचे, म्हणजे परळीचे शेजारीच. घरोघरी हसून पुरेवाट झाली. मीही हसले, पण मनात आलं, त्यांना निदान गाढव तरी आणता आलं. बाईमाणसाची गाडी बंद पडली तर तिनं काय करायचं? चौकातून गाढव हाकत निघाली तर गाडी राहील बाजूला, लोक तिचीच चर्चा करतील.

माझ्यावर ती वेळ गेल्या जूनमध्ये आली. इथून नऊ किलोमीटरवरच्या एका गावी मी शाळेत मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे घेतले तेवढ्याच तासांचे पैसे. चुकला तास की चुकला पैसा. काळीपिवळी माणसांनी ओसंडल्याशिवाय हलत नाही, आणि पहिला तास तर दहा चाळीसला. म्हणून दोन वर्षांची भिशी आणि साठवलेलं मानधन घालून शाळा उघडायच्या सुमारास विजेची स्कूटर घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. परळीच्या गाडीची ती बहीण नव्हे, एवढं सांगते. रात्री ओसरीत लावून ठेवली की तीन-साडेतीन युनिटांत आठवडाभर शाळेची ये-जा व्हायची. वीज तरी आमच्या घरचीच म्हणायची, परळीच्या औष्णिक केंद्राची. (२०१३ च्या दुष्काळात तेच केंद्र पाण्यावाचून बंद पडलं होतं, ते आठवलं की अजून घशाला कोरड पडते.)

अकराव्या दिवशी शाळेतून परतताना वाटेत पाणी प्यायला थांबले आणि पुन्हा कळ दाबली तर गाडी मुकी. दिवा नाही, हॉर्न नाही, समोरचा पडदा काळाठिक्कर. बॅटरी तर सकाळीच भरलेली! शेवटी एका ट्रॅक्टरवाल्या दादांनी ट्रॉलीत घालून ती गावात आणली. आमचे नेहमीचे गॅरेजवाले चाचा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, ‘ताई, हिला प्लग न्हाई, कार्बोरेटर न्हाई. म्या उघडू तर काय उघडू?’

घरी वेगळाच प्रसंग. सासूबाईंनी गाडी ओसरीत घेऊच दिली नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात अशीच एक स्कूटर रस्त्याकडेला उभ्या उभ्या पेटली होती आणि त्या कंपनीनं पुढं १,४४१ गाड्या तपासायला परत मागवल्या होत्या, हे त्यांच्या पक्कं लक्षात. त्यांची भीती अगदीच खोटी म्हणता येत नाही. तेव्हापासून सरकारनं बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केलेत हे मी सांगितलं. ‘नियम गाडीला वाचता येतात का?’ त्यांनी विचारलं. हे मात्र काही बोलले नाहीत. रात्री जेवताना हळूच म्हणाले, ‘विकून टाकू. आणि या वर्षी शाळा राहू दे.’

खरं सांगते, गाडी बंद पडली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते या वाक्यानं आलं.

लातूरच्या दुकानदाराला फोन केला की एकच उत्तर, ‘पार्ट पुण्याहून यायचाय मॅडम.’ एक आठवडा गेला. माझे चौदा तास बुडाले. हेडमास्तरांनी गोड शब्दांत सुचवलं, दुसरी एक बी.ए. झालेली मुलगी विचारून गेलीय.

मग मी कागद काढला. खरेदीची पावती, वॉरंटीचं पुस्तक, प्रत्येक फोनची तारीख आणि वेळ. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिथं मराठीतून बोलता येतं, बरं का! पैसे लागत नाहीत आणि तक्रारीचा क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून घेतला. आपण एकट्याच अशा नाही, हेही कळलं. त्या ‘ओला’ कंपनीबद्दलच सप्टेंबर २०२३ पासूनच्या एका वर्षात या हेल्पलाइनकडे दहा हजारांवर तक्रारी गेल्या होत्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तिला नोटीस काढली. बहुतेक सगळ्या तक्रारी आम्ही मिटवल्या, असं कंपनीचं म्हणणं पडलं.

नंतर दुकानदार आणि कंपनी दोघांनाही पत्र धाडलं. दहा दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, असं स्पष्ट लिहिलं. ही पोकळ धमकी नव्हती. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, तेव्हापासून आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो. कंपनी कुठली का असेना, तिच्या गावी खेटे नकोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची. हे सगळं मी यांना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, ‘पत्रावर माझी सही हवी का?’ पावती माझ्या नावावर होती. नको म्हटलं.

सातव्या दिवशी कंपनीचा पोरगा पाठीला पिशवी लावून दारात हजर! पुण्याचा पार्ट वगैरे काही नव्हतं. या गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते. दिवे, हॉर्न, पडदा तिच्यावर चालतात, आणि मोठीला जागं करायचं तेही तिनंच. ती बसली की मोठी भरलेली असूनही उपयोग शून्य. कोठी धान्यानं भरलेली, पण किल्ली सासूबाईंच्या कनवटीला आणि सासूबाई गावाला, तशातली गत. (हे त्यांच्यासमोरच बोलले, हसल्या.) वीस मिनिटांत नवी छोटी बॅटरी बसली. एवढ्यासाठी माझे तीन आठवडे!

गाडी सुरू झाल्यावर पोरगा सामान आवरू लागला. मी म्हटलं, काय बिघडलं, काय बदललं, ते लिहून दे. ‘कशाला ताई, झाली ना चालू? वॉरंटीत आहे सगळं.’ मी म्हटलं, म्हणूनच लिही. चहा टाकलाय, तोवर लिहून होईल.

त्यानं लिहिलं. तक्रार कधी केली त्या रकान्यात आजचीच तारीख टाकत होता. ती खोडायला लावून मी वहीतली सांगितली. सासूबाईंनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि देवघराच्या फळीवर, लाइटबिलांच्या डब्यात ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी दहा चाळीसचा तास मी घेतला.