नमुना आणि पोतें

आयुष्याचीं तीस-पस्तीस वर्षें आम्हीं मुलांकडून रूपें पाठ करवून घेण्यांत घालविलीं. व्यापाराशीं आमचा संबंध काय तो वाण्याच्या उधारीपुरता. तेव्हां परदेशीं पाठवावयाचा वाळला पाला कोणाकडून घ्यावा, या विषयावर आम्ही लेखणी उचललेली पाहून वाचकांस हंसूं येईल. परंतु या प्रकरणांत आमच्या हातून एक चूक घडली आहे, व ती सांगितल्यावांचून मनावरचें ओझें उतरणार नाहीं.

आमचा पुतण्या पुण्यास असतो. जर्मनींतील एका दुकानदाराशीं त्याचा परिचय झाला व कढीपत्ता, तुळस, शेवग्याचा पाला असा माल पाठविण्याचें ठरलें. ताज्या पाल्याचा विचार त्यानें लवकरच सोडला. ताजें पान खुडल्यापासून विमानांत चढेपर्यंत थंड ठेवावें लागतें, आणि आमच्या धाराशिवाहून मुंबईचा विमानतळ एका रात्रीच्या वाटेवर. "काका, वाळलेलाच माल पाठवूं. आपल्याकडे हवा कोरडी. कोणी खात्रीचा माणूस सांगा," असें तो म्हणाला. आम्हीं तत्काळ एका आप्ताचें नांव घेतलें. घराणें चांगलें, बोलणें गोड, एवढीच आमची पारख!

नमुना आला तो दृष्ट काढावी असा. पान हिरवें, वास घमघमीत. वहिनींनीं आपल्या पाटल्या मोडून पैसा उभा केला व माल रवाना झाला. तिकडे पोतीं उघडलीं तों वरच्या थराखालीं काड्या, माती, आणि मधोमध बुरशीचे गोळे. सारा माल नाकारला गेला. पुतण्या आम्हांस एक शब्दही बोलला नाहीं. वहिनीही बोलल्या नाहींत. हें न बोलणेंच आम्हांस फार लागलें.

त्या चातुर्मासांत आम्हीं चरकसंहिता पुन्हां काढली. कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत वनस्पति कोणत्या भूमींतील घ्यावी, केव्हां घ्यावी व कशी ठेवावी, याचा विचार केलेला आहे. कोवळ्या फांद्या व पानें वर्षाऋतूंत आणि वसंतांत, मुळें ग्रीष्मांत किंवा शिशिरांत, साल शरदांत. सांठवण अशी कीं, अग्नि, पाणी, वाफ, धूर, धूळ, उंदीर व जनावरें यांचा तेथें शिरकाव होऊं नये. जर्मन दुकानदारानें मागाहून अटींची यादी पाठविली, तींत याहून निराळें फारसें नव्हतें. नवें तें कीटकनाशकांचें कलम. ज्या औषधासाठीं वेगळी मर्यादा ठरलेली नाहीं, त्याचा अंश किलोमागें एका मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाहून अधिक असतां कामा नये, असा युरोपांतील नियम आहे. शेजारच्या तुरीवर किंवा सोयाबीनवर फवारणी झाली आणि वारा इकडे वळला, तर तेवढ्यानेंही माल बाद होऊं शकतो!

पुढें पुतण्यास घेऊन आम्ही तेर येथें गेलों. हें तेर म्हणजेच प्राचीन तगर, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं दाखवून दिलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवृत्तांत भडोचेहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व त्याच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर तगर सांगितलें आहे. तेथील कापड गाड्यांतून भडोचेस जाई. आणि त्याच बंदरांतून जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ, पिंपळी पश्चिमेस जात. ग्रीकांचा 'पेपेरी' हा शब्द आपल्या पिप्पलीवरूनच गेला. घेणारा देणाऱ्यास कधीं पाहत नसे. तरी व्यापार चाले, तो मधल्या हातांच्या भरंवशावर.

तेर हें गोरोबाकाकांचेंही गांव. संतमंडळींच्या मस्तकांवर थापटणें मारून त्यांनीं कोणतें मडकें कच्चें तें सांगितलें, ही कथा सर्वश्रुत आहे. समाधीपुढें हात जोडतांना आमच्या मनांत आलें, आपलें मडकें साठीनंतरही कच्चेंच राहिलें.

गांवाबाहेर एका शेतकऱ्याच्या घरीं गेलों. पडवींत बांबूच्या ताट्यांवर, जमिनीपासून हातभर उंच, सावलींत पाला पसरलेला होता. कोणत्या वाफ्यांतील पाला केव्हां खुडला, शेजाऱ्यानें केव्हां फवारलें, हें सून वहींत टिपून ठेवीत होती. आम्ही कांहीं विचारण्यापूर्वींच घरची म्हातारी म्हणाली, "गुरुजी, त्या कोपऱ्यातली दोन पोती तुमाला द्यायची न्हाईत. परवा सर आली तवा भिजल्याती." पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं मान हालविली.

कागदपत्र लागतातच. आयात-निर्यातीचा क्रमांक हवा. मालाप्रमाणें १९८५ च्या कायद्यानें झालेल्या अपेडाकडे किंवा १९८७ सालीं स्थापन झालेल्या मसाला मंडळाकडे नोंदणी हवी. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें दिला जाणारा वनस्पति-आरोग्याचा दाखलाही हवा. परंतु तो दाखला रोगकिडीपुरता असतो. देणाऱ्याच्या सचोटीचा दाखला कोणतेंही सरकार देत नाहीं. म्हणून आतां आमच्या घरचा नियम असा: नमुना त्यानें पाठवावयाचा नाहीं, आपण जाऊन, आपण दाखवूं त्या पोत्यांच्या मधून काढावयाचा. त्याचे दोन भाग करून, मोहोर लावून, एकेक दोघांनीं ठेवावा, आणि प्रयोगशाळेंतून तपासून घ्यावा. माल नाकारला गेल्यास तोटा कोणाचा, हें आधीं लिहून घ्यावें. आरंभ थोड्या मालानें करावा.

तसा थोडा माल गेला व सुखरूप पोंचला. वहिनींच्या पाटल्या मात्र अद्याप झालेल्या नाहींत. परवां त्यांनीं आपण होऊन आमच्यापुढें चहाचा पेला ठेवला आणि विचारलें, "भावोजी, तेरच्या त्या आजीबाईंचा पाला पुन्हां केव्हां यायचा?" इतक्या महिन्यांत त्या विषयावर त्या प्रथमच बोलल्या. तो चहा आम्हांस फार गोड लागला.