न पडलेला दुधाचा दात

शेलूच्या माझ्या दवाखान्यात तारा लावायला येणाऱ्या मुलांची तक्रार बहुतेक वेळा समोरच्या फटीची असते. फट मी नंतर बघतो. आधी वरचा ओठ उचलून तर्जनीचं टोक दुधाच्या सुळ्याच्या वरच्या हिरडीवरून हळूच फिरवतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला तिथे दोन्हीकडे हरभऱ्याएवढा टणक उंचवटा लागायला हवा. लागला की पक्का सुळा वाटेवर आहे. एकीकडे लागला आणि दुसरीकडे बोट सपाट घसरलं, तर फटीचा विषय तिथेच मागे पडतो.

वरच्या सुळ्याइतका लांबचा प्रवास दुसरा कुठलाच दात करत नाही. तो नाकाच्या तळाजवळ तयार होतो आणि पाचव्या वर्षापासून पुढच्या दहा वर्षांत सुमारे २२ मिलिमीटर सरकतो. हिरडीबाहेर डोकावतो तो अकराव्या-बाराव्या वर्षी. एवढ्या वाटेत चुकायला जागा भरपूर. शंभरातल्या एक ते तीन जणांचा सुळा हाडातच अडकतो, मुलींमध्ये जास्त. अक्कलदाढांखालोखाल अडकण्यात याचाच नंबर.

गंमत अशी की चुकलेला सुळा अनेकदा एकटा चुकत नाही. शेजारचा पटाशीचा छोटा दात बारीक, टोकदार असतो, नाहीतर जन्मतःच नसतो. एक मत असं, की त्या दाताच्या मुळाच्या आधाराने सुळा खाली उतरतो. आधारच तोकडा पडला की तो टाळूकडे भरकटतो. शेल्डन पेक आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये बोट आनुवंशिकतेकडे दाखवलं. वाद अजून मिटलेला नाही. दवाखान्यात मला दुसरं मत जास्त उपयोगी पडतं. मुलीचे दात बघता बघता मी आईला म्हणतो, ‘ताई, तुम्ही जरा हसा बघू.’ आईचा एक दात बारीक निघाला, की बाहेर मोबाइलवर खेळत बसलेल्या धाकट्या भावालाही खुर्चीत बोलावणं जातं.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची आई कौतुकाने सांगते, ‘डॉक्टर, हिचा दुधाचा सुळा अजून हललासुद्धा नाही, इतका मजबूत आहे!’ हे मी अनेकदा ऐकलंय. दुधाच्या दाताचं मूळ झिजतं ते मागून येणाऱ्या पक्क्या दातामुळे. मूळ शाबूत राहिलं, म्हणजे येणारा भलतीकडे गेला. आणि तो दुखत नाही, हीच खरी पंचाईत. न दुखता तो शेजारच्या चांगल्या दाताचं मूळ खाऊ शकतो.

मग ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, त्यासाठी बदलापूर किंवा कर्जत. सुळा टाळूकडे आहे की ओठाकडे, हे ओळखायची साधी युक्ती १९१० पासून चालत आली आहे: एक्स-रेची नळी थोडी सरकवून दुसरा फोटो काढायचा. सुळा नळीच्या दिशेने सरकलेला दिसला तर टाळूकडे, उलटा सरकला तर ओठाकडे. गुंतागुंत असेल तरच सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय स्कॅन. तो सरसकट करायला लावणं मला पटत नाही.

वेळेत सापडलं तर उपाय अगदी साधा. एरिक्सन आणि क्युरोल या स्वीडिश डॉक्टरांनी १९८८ मध्ये दहा ते तेरा वर्षांच्या मुलांचे दुधाचे सुळे काढून पाहिले. टाळूकडे निघालेल्या पक्क्या सुळ्यांपैकी ७८ टक्के आपसूक वाटेला लागले. उशीर झाला तर हिरडी उघडून सुळ्यावर साखळी लावलेलं बारीक बटण चिकटवावं लागतं. या कामातला सगळ्यात कठीण क्षण हाच. रक्त पाझरत असतं आणि दात तर पूर्ण कोरडा हवा. ओला राहिला की बटण सुटलं, पुन्हा हिरडी उघडा. पुढे बटणाच्या साखळीला जेमतेम ६० ग्रॅमची ओढ द्यायची आणि महिनोन्महिने वाट बघायची. जास्त ओढून तो लवकर येत नाही, उलट मुळांना इजा होते. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांना मी मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवतो. ते सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे, आणि शेलूची लोकल थेट सीएसएमटीला जाते.

तेव्हा मूल दहा वर्षांचं झालं, की दुखत नसलं तरी एकदा दातांच्या डॉक्टरांकडे न्या आणि ‘सुळे हाताला लागतात का?’ एवढं आवर्जून विचारा.